आज्ञावलीचे गुण आणि त्यांचा निर्णय

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या पेढीवर रोजमेळ व खतावणी आता संगणकावर होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून ही गरज अधिकच वाढली. सॉफ्टवेअर घेताना आपण विचारतो, ‘यात काय काय होते?’ ते किती चांगले होते, हा दुसरा प्रश्न बहुधा राहून जातो. बिल किती वेळात निघावे, वीज गेल्यास अर्धवट नोंदीचे काय व्हावे, गुमास्त्यास कोणती खाती दिसावीत, या गोष्टींस गुणविषयक अपेक्षा म्हणता येईल. अडचण अशी की, या अपेक्षा परस्परांस अडवितात. तपासण्या वाढविल्या की वेग घटतो. म्हणून सॉफ्टवेअर रचणाऱ्या मंडळींस तडजोड करावीच लागते. ती कशी होते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण प्रथमच उडाले. सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर, ते मार्ग सोडून फुटले व त्यातील चार क्लस्टर उपग्रह नष्ट झाले. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षीच्या जुलैत अहवाल दिला. दिशादर्शक संगणकाची आज्ञावली एरियन-४ वरून उचललेली होती. त्यात एक मोठी संख्या १६ बिटांच्या घरात बसवावयाची होती. ह्या घराची कमाल मर्यादा ३२,७६७. नव्या बाणाचा आडवा वेग पुष्कळच अधिक असल्याने संख्या त्यात मावली नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तीच आज्ञावली असल्याने तोही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. खतावणीची दुसरी प्रत करावी आणि पहिलीतली चूक तीतही उतरावी, तसाच हा प्रकार!

ही केवळ नजरचूक नव्हती. अशा धोक्याच्या सात राशी रचनाकारांनी आधीच ओळखल्या होत्या. परंतु संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा, अशी अपेक्षा होती. म्हणून चार राशींस संरक्षण दिले. उरलेल्या तीन मर्यादेबाहेर जाणार नाहीत असे मानून त्या तशाच ठेविल्या. एरियन-४ पुरता हा विचार बरोबर होता. निर्णयही एकट्याचा नव्हे. कराराच्या निरनिराळ्या पातळ्यांवरील भागीदारांनी तो संमत केला होता. मात्र त्याचे कारण आज्ञावलीत नोंदलेले नव्हते, ते कागदपत्रांच्या ढिगात दडून राहिले. आणि एरियन-५ च्या उड्डाणमार्गाची माहिती या यंत्राच्या अपेक्षापत्रात घातलीच नव्हती. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, ज्या गणितात हा बिघाड झाला त्याचा एरियन-५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता.

तेव्हा अपेक्षा मोजता येईल अशी लिहावी. ‘जलद चालावे’ याचा अर्थ दहा जण दहा प्रकारे करतील. ‘गर्दीच्या वेळी बिल दोन सेकंदांत निघावे’ याची परीक्षा घेता येते. तडजोड केली असेल तर ती कोणत्या गृहीतावर, हेही शेजारी लिहावे, म्हणजे धंदा वाढला, नवी शाखा निघाली, की ते पान पुन्हा उघडता येते.

गुगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या कार्यपद्धतीवर पुस्तक काढले. त्यातील एक रीत व्यापाऱ्यास सहज पटेल. सेवा शंभर टक्के चालू राहील असे म्हणावयाचेच नाही, ९९.९ टक्के ठरवावयाचे. म्हणजे तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. ही मुभा शिल्लक असेपर्यंत नव्या सुधारणा आणावयाच्या, संपली की त्या थांबवून दुरुस्तीकडे वळावयाचे. ९९.९९ टक्के मागितल्यास मुभा चार मिनिटांवर येते, आणि खर्च पुष्कळ वाढतो. रात्री बंद असणाऱ्या पेढीस तो बहुधा अनाठायी ठरेल. मात्र ती ४३ मिनिटे धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आली तर सराफाने काय करावे, हे विक्रेत्यास करारापूर्वीच विचारून ठेवावे.