फवारणी पंपाचं इंजिन आतून गेलंय का? घरीच तपासा



ऐन फवारणीत पाठीवरचा पेट्रोल पंप बंद पडला की दुकानात पहिलं उत्तर मिळतं, "ब्लॉक-पिस्टन गेला." कधी खरंच गेलेला असतो, कधी नुसता प्लग काळा झालेला असतो. खर्चाला हो म्हणण्याआधी एवढं बघून घ्या. (हे फक्त टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायच्या इंजिनासाठी.)

इंजिन थंड झाल्यावर प्लगची टोपी काढा, प्लग आतच राहू द्या आणि दोरी हळू ओढा. मध्ये मध्ये अडून सुटत असेल तर दाब आहे. काहीच जोर न लागता सरळ येत असेल तर आधी प्लग घट्ट आहे का बघा, मग रिंग-पिस्टनचा संशय धरा.

दोरी हलतच नाही? लगेच घाबरू नका. प्लग काढून परत ओढा. पेट्रोल उडालं आणि दोरी सुटली तर आत पेट्रोल साचलं होतं, इतकंच. (उघड्यावर करा, तोंड लांब, बिडी-काडी त्याहून लांब.) तरीही जाम असेल तर स्टार्टर सोडवून चाक हाताने फिरवा. कधी नुसती दोरीच अडकलेली असते. चाक वर-खाली खुळखुळत असेल तर बेअरिंग गेलं.

खरा निकाल सायलेन्सरमागे कळतो. तो खोला, खिडकीतून टॉर्च मारा, पिस्टन दिसेल. गुळगुळीत, तेलकट असेल तर चांगला. उभे चरे आणि त्यात नख अडकत असेल तर गेला.

ब्लॉक खोलला तर जुना पिस्टन मागून घ्या, फेकू देऊ नका. चहूबाजूंनी चरे म्हणजे बहुतेक बिनऑईलचं पेट्रोल गेलं. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी पडतंय किंवा पॅकिंगमधून हवा शिरतेय. कार्ब्युरेटरच्या बाजूला मळकट घासलेलं दिसलं तर फिल्टरमधून धूळ गेली. हे कारण न काढता नवीन सेट बसवला तर तोही तसाच जाणार.

ऑईल अंदाजाने ओतू नका. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. आपल्या पंपाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. माप वेगळं ठेवा, औषधाचं नको.

शंका असेल तर प्लगचा आणि खिडकीतून दिसणाऱ्या पिस्टनचा फोटो याच नंबरवर पाठवा. फोटो उजेडात काढा.