सुरक्षित अन्नाचे अर्थशास्त्र : धान्यातील न दिसणारे विष

आपल्या देशात दोन महत्त्वाच्या कायद्यांच्या मराठी नावात ‘अन्न सुरक्षा’ हे शब्द येतात. एक ‘अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६’ आणि दुसरा ‘राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३’. नावातील या साम्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमध्ये अनेकदा गल्लत होते. २०१३ चा कायदा ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्य मिळण्याचा हक्क देतो. म्हणजे ताटात पुरेसे अन्न आहे काय, हा त्याचा प्रश्न आहे. २००६ चा कायदा ताटात आलेले अन्न खाण्यास निर्धोक आहे काय, हे पाहतो. प्रशासनाच्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे असले तरी गरिबाच्या घरात ते एकत्र येतात. ज्याच्याकडे दुसरे धान्य नाही, त्याला खराब झालेले धान्य टाकून देता येत नाही. प्रस्तुत लेखात अफ्लाटॉक्सिन या एका विषाच्या उदाहरणाने सुरक्षित अन्नामागील विज्ञान, बाजारव्यवस्था आणि शासनाची भूमिका यांचा विचार केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

अन्नातील धोक्यांचे सामान्यतः तीन प्रकार केले जातात. साल्मोनेलासारखे जिवाणू, विषाणू व परजीवी हे जैविक धोके. कीटकनाशकांचे अवशेष, जड धातू व बुरशीजन्य विषे हे रासायनिक धोके. आणि काच, खडे, धातूचे तुकडे हे भौतिक धोके. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात व ४ लाख २० हजार लोक मृत्युमुखी पडतात. या मृत्यूंपैकी जवळजवळ एकतृतीयांश मृत्यू पाच वर्षांखालील बालकांचे असतात. अल्प व मध्यम उत्पन्न असलेल्या देशांचे यामुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे ११० अब्ज डॉलर असल्याचा जागतिक बँकेच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातील सुमारे ९५ अब्ज डॉलर उत्पादकतेच्या हानीचे व १५ अब्ज डॉलर औषधोपचाराच्या खर्चाचे आहेत. असुरक्षित अन्न हा केवळ आरोग्याचा नव्हे तर विकासाचाही प्रश्न आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

बांसवाडा व पंचमहाल, १९७४

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनाकलनीय रोगाने मेले. शोध घेता घेता शास्त्रज्ञ ब्राझीलहून आयात केलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. त्या पेंडीवर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी वाढलेली होती. या बुरशीच्या नावावरूनच तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. या गटातील बी-१ हा प्रकार सर्वांत घातक मानला जातो. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला आहे.

हे विष माणसांवर काय परिणाम करते याचा दारुण पुरावा भारतातच मिळाला. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांच्या आदिवासी गावांमध्ये कावीळ व जलोदराची लागण झाल्याचे आढळले. दोनशेहून अधिक गावांत ३९७ जण आजारी पडले व १०६ जण दगावले. ज्या घरांत माणसे आजारी होती, तेथील कुत्र्यांनाही तीच लक्षणे दिसत होती; त्यामुळे संशय अन्नाकडे वळला. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या घटनेचा अभ्यास केला. अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठवला गेला होता. त्याच्या नमुन्यांत दर किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. आजच्या भारतीय मर्यादेच्या तुलनेत हे प्रमाण शेकडो पटींनी अधिक आहे. २००४ मध्ये केनियात याच मार्गाने ३१७ जण आजारी पडले व त्यांपैकी १२५ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी धान्य होते मकाच आणि बळी गेले ते तोच मका खाऊन जगणारे.

अशी तीव्र विषबाधा क्वचित घडते. अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जाणारे विष मात्र गाजावाजा न करता यकृतावर परिणाम करते. हिपॅटायटिस-बीचा संसर्ग असलेल्या व्यक्तीत यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे बालकांचे हिपॅटायटिस-बीचे लसीकरण हा या प्रश्नावरील एक अप्रत्यक्ष पण महत्त्वाचा उपाय ठरतो.

मोजमापाची अडचण

अफ्लाटॉक्सिनला रंग, वास वा चव नाही. बुरशी डोळ्यांना दिसली तरी विष असेलच असे नाही आणि बुरशी झटकून टाकली तरी विष उरू शकते. नेहमीच्या स्वयंपाकातील उष्णतेने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. भारतात प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी भागांत १५ भाग एवढी आहे. इतके सूक्ष्म प्रमाण केवळ प्रयोगशाळेतच मोजता येते.

त्यातही नमुना घेण्याची अडचण मोठी आहे. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसून मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते. तीव्र बाधा झालेल्या दाण्यात दर ग्रॅमला एक मिलिग्रॅमपर्यंत विष आढळल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम विष, सुमारे ३३ किलो स्वच्छ दाण्यांना मर्यादेच्या काठावर नेण्यास पुरेसा आहे. तो दाणा नमुन्यात आला तर चांगला माल नापास होईल. आला नाही तर दूषित माल पास होईल. म्हणूनच नमुना मोठा व अनेक ठिकाणांहून घेतलेला असावा लागतो आणि तपासणीचा खर्च वाढतो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेने ‘एलायझा’ तंत्रावर आधारित कमी खर्चाची चाचणी विकसित केली. तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

बाजार का अपयशी ठरतो?

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला व त्या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक सरासरी दर्जाचाच भाव देतो आणि चांगली वस्तू बाजारातून मागे हटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत स्थिती याहून बिकट आहे. येथे विकणाऱ्या शेतकऱ्यालाही आपल्या मालातील विषाचे प्रमाण ठाऊक नसते. ग्राहकाला तर खाल्ल्यानंतरही कळत नाही, कारण यकृताचा आजार उद्भवतो तो अनेक वर्षांनंतर. ज्या वस्तूचा दर्जा वापरानंतरही पारखता येत नाही, तिला अर्थशास्त्रात विश्वासाधिष्ठित वस्तू म्हणतात. सुरक्षित अन्न हे तिचे उत्तम उदाहरण होय.

याचा परिणाम शेतकऱ्याच्या निर्णयावर होतो. काढणी वेळेवर करणे, शेंगा आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे, फुटके व सुरकुतलेले दाणे वेचून काढणे यांसाठी मजुरी लागते. बाजारात मात्र दाण्याचा आकार, रंग व वजन यांवर भाव ठरतो. ओला माल वजनाला भरतो, तर वाळवलेल्या मालाचे वजन घटते. अशा बाजारात काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी तोटाच येतो. यात शेतकऱ्याचा दोष नाही. भावाच्या यंत्रणेत सुरक्षिततेची नोंदच होत नाही.

वेचून बाजूला काढलेला मालही नाहीसा होत नाही. हलके दाणे तेलघाणीकडे जातात. गाळप करताना विषाचा मोठा भाग तेलात न जाता पेंडीत उरतो. ती पेंड जनावरांना घातली जाते आणि त्यातील बी-१ विषाचा काही अंश एम-१ या रूपात दुधात उतरतो. दूध उकळल्याने वा त्याचे पाश्चरीकरण केल्याने तो नष्ट होत नाही. एकाने टाळलेला खर्च असा दुसऱ्याच्या, बहुधा दूध पिणाऱ्या बालकाच्या, माथी येतो. यालाच अर्थशास्त्रात नकारात्मक बाह्यता म्हणतात.

भीती आणि मोजलेले वास्तव

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेले राष्ट्रीय दूध सर्वेक्षण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. दुधाविषयी लोकांच्या मनात सर्वाधिक भीती भेसळीची असते. तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्यास घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. अफ्लाटॉक्सिन एम-१ मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, मर्यादेपेक्षा अधिक होते. भेसळ हा गुन्हा असतो व त्यात गुन्हेगार शोधता येतो. पेंडीतून येणाऱ्या विषामागे कोणाचा हेतू नसतो. त्यामुळे केवळ छापे घालून ते थांबत नाही. धोरणाचे प्राधान्य भीतीवर नव्हे तर मापनावर ठरावे, हा या सर्वेक्षणाचा धडा आहे.

मानके आणि व्यापार

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त विद्यमाने १९६३ पासून कार्यरत असलेला ‘कोडेक्स’ आयोग आंतरराष्ट्रीय मानके ठरवतो. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या स्वच्छता व वनस्पती-स्वच्छताविषयक कराराने (एसपीएस करार) जागतिक व्यापारात या मानकांना महत्त्व आले. एखाद्या देशाला अधिक कडक मानक लावता येते. मात्र त्यास शास्त्रीय जोखीम-मूल्यांकनाचा आधार असावा लागतो. भारत व कोडेक्स यांची दुधातील एम-१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय संघाची ०.०५ आहे. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपची एकूण मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे.

या कडकपणाची किंमत किती, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. २००१ मध्ये ओत्सुकी, विल्सन व सेवादेह यांनी असा अंदाज मांडला की, कोडेक्सच्या तुलनेत युरोपच्या मानकामुळे आफ्रिकेची तृणधान्ये, सुकामेवा व कवचफळे यांची निर्यात सुमारे ६७ कोटी डॉलरने घटेल आणि त्याबदल्यात दर शंभर कोटी लोकसंख्येमागे वर्षाला जेमतेम एक ते दोन मृत्यू टळतील. पुढे २०१२ मध्ये शिओंग व बेगिन यांना भुईमुगाच्या प्रत्यक्ष व्यापाराच्या आकडेवारीत असा लक्षणीय परिणाम आढळला नाही. परीक्षार्थींनी या दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. मात्र सर्व चर्चा निर्यातीभोवती फिरत राहिली, तर उत्तम माल परदेशी व उरलेला देशी ग्राहकाला, अशी विभागणी मान्य केल्यासारखे होते. बांसवाड्याच्या त्या कुटुंबांचा मका कोणत्याही बंदरावर जाणार नव्हता.

कायद्याची चौकट व तिची सीमा

१९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर गुन्हा व शिक्षेवर होता. २००६ च्या कायद्याने तो कायदा व अन्नविषयक अनेक आदेश एकत्र आणून शास्त्रीय मानके, जोखीम-मूल्यांकन व अन्नव्यवसायाची जबाबदारी यांवर भर दिला. २००८ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले व ५ ऑगस्ट २०११ पासून नियमांची अंमलबजावणी सुरू झाली. मात्र शेतकरी, मच्छीमार व शेतस्तरावरील उत्पादन यांना कायद्याच्या कलम १८ अन्वये वगळण्यात आले आहे. लहान शेतकऱ्यावर निरीक्षकाचा बोजा नको, ही भूमिका योग्यच आहे. परंतु अफ्लाटॉक्सिनची सुरुवात शेतात, विशेषतः दाणा भरताना पाण्याचा ताण पडल्यास, आणि खळ्यावर होते. जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे विस्तार सेवा, सार्वजनिक गुंतवणूक व भावाचे प्रोत्साहन पोहोचले पाहिजे.

काय करता येते?

पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात २० गावांमध्ये केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा गावांत शेंगा हाताने निवडणे, चटयांवर वाळवणे, तागाच्या पोत्यांत भरणे व ती पोती जमिनीपासून उंच लाकडी फळ्यांवर ठेवणे असे साधे उपाय केले गेले. पाच महिन्यांनंतर या गावांतील लोकांच्या रक्तातील अफ्लाटॉक्सिनचे दर्शक प्रमाण इतर दहा गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. यासाठी कोणतेही महागडे तंत्रज्ञान लागले नाही.

माहितीची व्यवस्था कशी उभारावी याचे उदाहरण महाराष्ट्रातील द्राक्षशेतीने घालून दिले आहे. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष सापडल्याने निर्यात अडचणीत आली. त्यानंतर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली. बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी आणि पेटीपासून बागेपर्यंत माग काढण्याची सोय हे तिचे घटक होत. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळेने तिला शास्त्रीय आधार दिला. सुरक्षितता मोजली गेली, तिची नोंद झाली आणि तिला बाजार मिळाला.

हीच साखळी देशी ग्राहकांसाठी उभी करणे हे पुढील आव्हान आहे. बाजार समित्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या स्तरावर ओलावामापक व स्वस्त चाचणीची सोय, वाळवणाच्या ओट्यांसाठी सार्वजनिक खर्च, पशुखाद्याची नियमित तपासणी आणि तपासणीचे निष्कर्ष जनतेसमोर ठेवणे, या चार गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. अन्नाच्या सुरक्षिततेची माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. एकट्या ग्राहकाला ती परवडत नाही आणि एकट्या व्यापाऱ्याला ती निर्माण करण्यात लाभ दिसत नाही. म्हणून ती जबाबदारी शासनाकडे येते. धान्याच्या तुटीवर देशाने मोठ्या प्रमाणात मात केली आहे. ते धान्य निर्धोक असण्याची हमी सर्वांत गरीब घरापर्यंत पोहोचेल, तेव्हाच दोन्ही कायद्यांच्या नावातील ‘सुरक्षा’ हा शब्द पूर्णार्थाने सार्थ ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. २००६ व २०१३ च्या अन्न सुरक्षाविषयक कायद्यांच्या उद्दिष्टांतील फरक व परस्परसंबंध स्पष्ट करा.
२. ‘सुरक्षित अन्न ही विश्वासाधिष्ठित वस्तू आहे.’ अफ्लाटॉक्सिनच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.
३. कडक आयात-मानके विकसनशील देशांच्या हिताची आहेत काय? दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडा.