आय्दक्की लक्कम्मांचे माप

बाराव्या शतकातील मारय्या आणि लक्कम्मा हे शरण दांपत्य रायचूर भागातील अमरेश्वरचे. कल्याणात येऊन त्यांनी सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक पत्करले. कन्नडमध्ये 'आय' म्हणजे वेचणे, 'अक्की' म्हणजे तांदूळ. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते जिथले तिथे टाकून यायला सांगितले.

ही कथा निर्लोभतेची म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. पण 'एवढे पुरे' असे लक्कम्मांना म्हणता आले, त्याला भोवतालचे शरणजीवनही कारण आहे. दासोह रोजचा होता. प्रत्येकाच्या कायकाचा वाटा त्यात जाई, मग उद्यासाठी कणगी कशाला भरायची? शिवाय सांडलेला दाणा कोणा एकाचा नव्हे. जास्त उचलला तर दुसऱ्या कोणाचा तरी कमी होणार.

गावच्या आडाचेही असेच होते. कोणत्या घरी किती घागरी गेल्या, हे आडावरच्या चार बायकांना दिसे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की खेपा ठरत, लग्नघराला आधी पाणी मिळे. मात्र त्या आडावर सर्वांना दोर सोडता येत नव्हता, हे विसरून जुन्या गावाचे गोडवे गाऊ नयेत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला. हीच भिंत पाडायला शरण आठशे वर्षांपूर्वी निघाले होते.

आता आडाची जागा बोअरने घेतली. काळ्या पाषाणाच्या भेगांत साठलेले पाणी बांध ओळखत नाही. आपली मोटर चालली की शेजाऱ्याची विहीर खाली जाते, आणि हे कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. (उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.) नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे पाणी सर्वांसमोर आणले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे गावाने ठरवले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावरून पिके ठरतात. तिथली माणसे आपल्यासारखीच आहेत. फक्त मापाची गोष्ट त्यांनी ग्रामसभेत नेली.

श्रावणात गावोगाव प्रवचने होतात. तिथे लक्कम्मांची कथा घेताना आपल्या गल्लीत बोअर किती, चालू विहिरी किती आणि मे महिन्यात पाणी किती फुटांवर जाते, एवढे एका वहीत लिहून वाचून दाखवावे.