बायपासनंतरचे लांबलेले दिवस : जोडीदाराने काय करावं?

सगळं सुरळीत असेल तर बायपास झालेला रुग्ण साधारण पाच ते सात दिवसांत घरी जातो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी सांगितलेला हा आकडा घरचे घट्ट धरून ठेवतात. मुलगा त्या हिशेबाने रजा टाकतो, गावाकडून आलेली बहीण परतीचं तिकीट काढते, आणि दहावा दिवस उजाडला तरी पेशंट ऑक्सिजनवरच असतो. मग आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकोच्या मनात शंका येते, की आपल्यापासून काही लपवत तर नाहीत ना? आजचा लेख त्या बाकावर बसलेल्या माणसासाठी आहे, मग ती बायको असो की नवरा.

उशीर लागण्याची कारणं बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच शरीरात असतात. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, आधीच दमलेलं मूत्रपिंड, विडी-सिगारेटने खराब झालेली फुप्फुसं, सत्तरीपुढचं वय. त्यात अ‍ॅटॅक आल्यावर घाईने ऑपरेशन करावं लागलं असेल, तर शरीराला तयारीला वेळच मिळालेला नसतो. शिवाय बायपासनंतर साधारण चारांपैकी एका रुग्णाच्या हृदयाचे ठोके दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास अनियमित होतात. त्यावर औषधं आहेत आणि बहुतेकांचे ठोके पूर्ववत होतात, पण मुक्काम दोन-तीन दिवसांनी वाढतो. छातीचं हाड मधोमध कापलेलं असल्याने खोल श्वास घेताना दुखतं. म्हणून रुग्ण वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साचतो, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. असं एकेक कारण थोडे थोडे दिवस वाढवत जातं.

मात्र हळू सुधारणारा रुग्ण आणि खालावत चाललेला रुग्ण वेगळे असतात, आणि हा फरक ओळखायला तुम्हीही शिकू शकता. आजची तुलना कालशी करू नका, तीन दिवसांपूर्वीशी करा. ऑक्सिजन किती लिटरवर होता, आता किती आहे? बीपी टिकवण्यासाठी चालू असलेल्या इंजेक्शनांचे पंप तीन होते, आता किती उरले? छातीतल्या नळ्या निघाल्या का? खुर्चीत किती वेळ बसले? एका वहीत रोज चार ओळी लिहून ठेवा. राउंडच्या वेळी घरच्यांपैकी एकानेच बोलायचं आणि त्यानेच बाकीच्यांना कळवायचं, असं ठरवून टाका. पाच नातेवाईक पाच वेळा तोच प्रश्न विचारतात तेव्हा प्रत्येकाच्या कानावर थोडं वेगळं उत्तर पडतं आणि संध्याकाळी घरात वाद होतो.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते. आपल्याकडे आजारी माणसावरचं प्रेम म्हणजे त्याला पडून राहू देणं. 'आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका', 'एवढं मोठं ऑपरेशन झालंय, चालायला कशाला लावताय?', 'मी भरवते ना' ही वाक्यं मी वॉर्डात रोज ऐकतो. बोलणारीच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर काढलेला प्रत्येक दिवस रुग्णाला अशक्त करतो. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधले सुमारे एक किलो स्नायू झडले. ही माणसं धडधाकट होती. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, भूकही गेलेली नव्हती. तुमच्या माणसाचं काय होत असेल याचा अंदाज त्यावरून करा. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी 1990च्या दशकात लवकर खायला देणं, लवकर उठवणं आणि दुखणं नीट आटोक्यात ठेवणं यांची सांगड घालून दाखवली, आणि मोठ्या शस्त्रक्रियांनंतरचे मुक्काम कमी होत गेले. आज फिजिओथेरपिस्ट दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभं करतो, त्यामागे हा सगळा अनुभव आहे.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण खुर्चीत बसूनच होऊ द्या. घास त्यांचा त्यांनाच घेऊ द्या. हात थरथरला, वरण सांडलं, तरी चालेल. वॉर्डातल्या दारापर्यंत, मग सिस्टरच्या टेबलापर्यंत, मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत, असं अंतर वाढवा. तीन गोळ्यांचं जे श्वासाचं यंत्र देतात, त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. कितीतरी रुग्ण चार-चार दिवस त्यात फुंकत बसलेले दिसतात आणि शेजारी बसलेल्यांनाही ते माहीत नसतं. जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा, सावकाश ओढायची. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला लावा, खोकल्याला भिऊन कफ आत ठेवू देऊ नका. मात्र उठवताना त्यांच्या काखेत हात घालून किंवा दंड धरून कधीही ओढू नका, जोडलेल्या हाडावर ताण येतो. कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, पाठीला आधार द्यायचा. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा स्वतः करून शिकून घ्या. दुखत असेल तर चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक देता येईल का, तेही विचारा. दुखणं सोसण्यात काही पुण्य नाही, त्यामुळे श्वास उथळ होतो आणि पाय उचलत नाहीत.

याच काळात एक गोष्ट घडते आणि तिची आगाऊ कल्पना कोणी दिलेली नसते. संध्याकाळ झाली की शांत स्वभावाचा नवरा अचानक ओरडायला लागतो. सलाईन उपसतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, मला कोंडून ठेवलंय म्हणतो, चाळीस वर्षांच्या संसारातल्या बायकोला 'तू कोण?' विचारतो. ती हादरते. 'भूल जास्त झाली का?', 'डोक्यावर परिणाम झाला का?' असे प्रश्न तिला पडतात, आणि शिवीगाळ झाली असेल तर लाजेने ती कुणाशी बोलतही नाही. या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः ज्येष्ठांमध्ये, ती वरचेवर दिसते. जंतुसंसर्ग, झोप तुटणं, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, काही औषधं, न सांगता आलेलं दुखणं, यांपैकी काहीतरी किंवा बरंच काही त्यामागे असतं. बहुतेकांचा गोंधळ काही दिवसांत ओसरतो. काहींना विसराळूपणा आणखी काही आठवडे जाणवतो.

इथे तुमच्याइतकं उपयोगी औषध आमच्याकडे नाही, हे मी शब्दशः म्हणतो आहे. त्यांचा चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणून द्या. आयसीयूत जाताना या वस्तू घरच्यांकडे सोपवलेल्या असतात आणि पिशवीतच राहतात. समोर घड्याळ आणि दिनदर्शिका दिसू दे. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, रात्री दिवा मंद ठेवायला सांगा. हात हातात घ्या, नावाने बोला, 'आज मंगळवार आहे, आपण हॉस्पिटलमध्ये आहोत, ऑपरेशन नीट झालंय' असं सावकाश सांगत राहा. किडे नाहीत हे पटवण्याच्या वादात पडू नका. बोललेलं मनाला लावून घेऊ नका. आणि झोपेचं इंजेक्शन द्या म्हणून मागे लागू नका, त्याने गोंधळ लांबतो. कधी डॉक्टरांना ते द्यावं लागतं, पण तो निर्णय त्यांचा. याच डेलिरियमचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. रुग्ण आरडाओरडा करत नाही, उलट दिवसभर गुंगीत, हाक मारली तर उशिरा बघतो, अर्ध्या वाक्यात हरवतो. सगळे म्हणतात, छान झोप लागलीये. 'हे नेहमीचे हे नाहीत' एवढं ओळखणारी त्या खोलीत एकच व्यक्ती असते, ती म्हणजे तुम्ही. ते लगेच सिस्टरना सांगा. संसर्गाची पहिली खूण अनेकदा तीच असते.

शुद्धीवर आल्यावर रुग्णाला हे दिवस तुटक आठवतात किंवा भीतिदायक स्वप्नांसारखे आठवतात. स्कँडिनेव्हियन देशांतल्या परिचारिकांनी आयसीयूतल्या रुग्णासाठी रोजनिशी लिहिण्याची पद्धत सुरू केली, ती आता अनेक देशांत आहे. 'आज तुमची नळी काढली, तुम्ही पहिल्यांदा पाणी मागितलंत' असं साधं लिहायचं. तुमच्या वहीत शेवटी एक ओळ त्यांच्यासाठीही लिहा.

खाण्याचं थोडक्यात. डब्यातून पेज, मऊ भात आणि साबुदाण्याची खीर येते, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं त्यात फारशी नसतात. साठ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. घट्ट वरण, दही, अंडी, मासे, पनीर थोडं थोडं सहा वेळा द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण आणि नारळपाणीसुद्धा आहारतज्ज्ञांना विचारूनच. कुणी आणून दिलेला काढा किंवा भस्म डॉक्टरांना न सांगता देऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी त्याचं जमेलच असं नाही.

मुक्काम लांबला की पैशांची चिंता येतेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात आणि धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात. बिल हाताबाहेर जाण्याआधी त्यांना भेटा.

नवरा काळजी घेणारा असतो तेव्हा चित्र थोडं वेगळं असतं. बायको रुग्ण असली की ती घरी जायची घाई करते, दुखणं लपवते, 'मी बरी आहे, तुम्ही जेवलात का?' असं उशीवरून विचारते. आणि अनेक पुरुषांना तिच्या रोजच्या गोळ्यांची नावंही माहीत नसतात. नवरेमंडळींना माझं सांगणं आहे, की त्या गोळ्यांची यादी आजच करा. घर कसं चाललंय याची काळजी तिच्यापर्यंत पोहोचू देऊ नका. घरी गेल्यावर ती लगेच ओट्याशी उभी राहणार नाही, हे तिला आत्ताच सांगा आणि तसं वागा.

कापलेलं हाड पूर्ण जुळायला सुमारे तीन महिने लागतात. त्यामुळे घरी गेल्यावरही पाण्याची बादली, नातवंडाला उचलणं, स्कूटर स्टँडवर चढवणं बंद. जखमेतून पाणी किंवा पू आला, हाड हलल्याचा आवाज आला, ताप आला, आडवं झाल्यावर धाप लागली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, छातीत अनियमित धडधडलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर थेट इमर्जन्सीत जा. काही आठवडे उदास वाटणं, लहानशा गोष्टीवर डोळ्यांत पाणी येणं हे होतं. पण दोन आठवड्यांनंतरही ते कमी झालं नाही, तर त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

आणि तुमच्याबद्दल. रोज रात्री बाकावर झोपल्याने त्यांची प्रकृती लवकर सुधारत नाही. बीपीची गोळी चुकवलेली, दोन दिवस नीट न जेवलेली, चक्कर येऊन पडलेली बायको हे आमच्या वॉर्डातलं नेहमीचं दृश्य आहे. एक दिवसाआड घरी जाऊन झोपा. रात्रीची पाळी मुलाकडे, भावाकडे, शेजाऱ्यांकडे सोपवा, आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला नेमकं काम द्या. भेटायला येणाऱ्या गर्दीला मात्र ठामपणे नाही म्हणा. वाईटपणा घ्यायची तयारी नसेल तर तो डॉक्टरांच्या नावावर घाला, आमची हरकत नाही.

उद्या सकाळच्या राउंडला 'घरी कधी सोडणार?' या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारा. 'आज यांना किती वेळा उठवायचं, कुठपर्यंत चालवायचं आणि त्यात मी काय करू?'