"आधी पगार किती होता?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

परवाच्या व्हिडिओत आपण भांडवल कसं साठवायचं ते बघितलं. त्याखाली बऱ्याच जणांचा एकच सूर होता: "धंदा करायचाच आहे, पण आधी दोन-तीन वर्षं नोकरी करून पैसे बाजूला टाकायचेत." चांगला विचार आहे. मग त्या नोकरीचा पगार नीट ठरवून घेणं हा धंद्याचाच पहिला धडा समजा. कारण मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. कणकवलीतलं ऑफिस असो, मोपा विमानतळाजवळचं हॉटेल असो, नाहीतर ठाण्यातली कंपनी: "आत्ता किती मिळतो?" आपल्याकडचा शेठ असेल तर सरळ विचारेल, "पगार किती गावता?"

सांगायचं की नाही? माझं उत्तर आधीच देतो. आपणहून सांगायचं नाही, खोटं कधीच सांगायचं नाही आणि सांगावंच लागलं तर पूर्ण सांगायचं. आता एकेक मुद्दा बघू.

हा प्रश्न का विचारतात?

मालकाच्या बाजूने बघा. त्याला तुमच्या कामाची किंमत ठरवायचा सोपा रस्ता हवा असतो. जुना पगार कळला की त्यावर १५-२० टक्के चढवले की झालं. त्याचा काही वाईट हेतू असतोच असं नाही. पण हिशोब तुमच्या अंगावर येतो.

समजा, तुम्ही अकाउंट्सचं काम करता आणि १३,००० मिळतात. नव्या ठिकाणी त्या कामासाठी मालकाने २०,००० बाजूला काढलेत. तुम्ही आकडा सांगितलात, त्याने २० टक्के वाढ दिली, म्हणजे १५,६००. तुम्ही खूश, कारण पगार वाढला! पण महिन्याला ४,४०० तिथेच राहिले. वर्षाचे ५२,८००. तीन वर्षांचे १,५८,४००. धंद्यासाठी साठवायला निघालेल्या माणसाला हे परवडेल का? आणि गंमत बघा, पुढच्या नोकरीत पुन्हा २० टक्के वाढले तरी १८,७२० होतात. दोन नोकऱ्या बदलूनही पहिल्या मालकाने मनात धरलेल्या २०,००० ला तुम्ही पोचलेला नाहीत.

देवगडात ही गोष्ट समजवायला फार लागत नाही. गेल्या मे महिन्यातल्या पट्टीवरून कुणी यंदाच्या फेब्रुवारीतल्या पेटीचा भाव लावतो का? नाही लावत. फळ, हंगाम, बाजारातली आवक बघून भाव ठरतो. मग तुमच्या कामाचा भाव जुन्या पट्टीवरून का ठरावा?

सरकारी जाहिरात कशी असते ते बघा

२०२३ च्या तलाठी भरतीची जाहिरात आठवा. वेतनश्रेणी छापलेली होती: २५,५०० ते ८१,१००. अर्ज करणारा आधी दुकानात काम करायचा की घरी बसलेला होता, याने सुरुवातीचा पगार बदलत नव्हता. पदाचा पगार आधी ठरला, माणूस नंतर. खाजगीत नेमकं उलटं होतं, म्हणून आपल्याला बोलायला शिकावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे जुना पगार विचारायला बंदी करणारा कायदा नाही. त्यामुळे मालक विचारू शकतो. तसंच, मुलाखतीत तो सांगायलाच पाहिजे अशीही कायद्याची सक्ती नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता, २०१९ एवढं मात्र सांगते की सारख्या कामाच्या पगारात स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही.

बाहेर हा विषय बराच पुढे गेलाय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा केला. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर २०१७ पासून हा प्रश्न विचारायला बंदी आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या निर्देशात तर उमेदवाराला पगाराचा आकडा किंवा रेंज आधी कळवा आणि जुना पगार विचारू नका, असं दोन्ही आहे.

यामागे कारण काय? कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीचं प्रकरण बघा. एलीन रिझो या गणिताच्या सल्लागार २००९ मध्ये तिथल्या शिक्षण कार्यालयात लागल्या. जुन्या पगारावर ५ टक्के वाढ, हा तिथला नियम. २०१२ मध्ये कळलं की तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला जास्त मिळतंय. त्या कोर्टात गेल्या. २०२० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की स्त्रीला कमी पगार देण्यासाठी जुना पगार हे कारण चालणार नाही. आपल्याकडे मुलं लहान असताना काम सोडून पुन्हा नोकरीला निघालेल्या ताईंनी हे खास लक्षात ठेवावं. तुमचा पाच वर्षांपूर्वीचा पगार हा तुमचा आजचा भाव नाही.

खोटं का नको?

१३ चे १८ सांगायचा मोह होतो. नको! तीन महिन्यांच्या पगार स्लिपा मागतात, बँकेचं स्टेटमेंट मागतात. पीएफचं पासबुक तुमच्याच लॉगिनने उघडतं, पण तेही दाखवा म्हणतात. त्यात दरमहा १,५६० कापलेले दिसले की १२ टक्क्यांच्या हिशोबाने १३,००० लगेच निघतात. खोटं उघड झालं की ऑफर जाते आणि नावही जातं. उद्या याच पंचक्रोशीत तुम्हाला उधारीवर माल घ्यायचाय, हे विसरू नका.

मग बोलायचं काय?

मुलाखतीच्या आधी त्या कामाचा चालू दर काढा. महास्वयम् पोर्टलवरच्या आणि इतर जाहिराती बघा, तेच काम करणाऱ्या तिघांना विचारा. दर हातात असला की आवाज आपोआप ठाम होतो.

पहिल्यांदा विचारलं तर: "सर, तिथलं काम आणि इथलं काम वेगळं आहे. या जागेसाठी तुम्ही साधारण किती धरलंय ते कळलं तर बोलायला सोपं जाईल."

पुन्हा विचारलं तर: "माझी अपेक्षा २० ते २२ हजारांची आहे. टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न मी स्वतः भरतो, कुणाला विचारावं लागत नाही."

तरी अडून बसले तर: खरा आकडा सांगा आणि पुढचं वाक्य लगेच जोडा. "१३,००० होते, पण तिथे फक्त बिलं करायचं काम होतं. इथे पूर्ण हिशोब माझ्याकडे असेल, म्हणून मी २० म्हणतोय."

ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना रिकामा सोडता येत असेल तर सोडा, नाहीतर "चर्चेनुसार" लिहा. आकड्याशिवाय फॉर्म पुढे जातच नसेल तर खरा लिहा. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली तर टॅक्सच्या हिशोबासाठी आधीचं उत्पन्न नव्या ठिकाणी द्यावं लागू शकतं. पण ते रुजू झाल्यावर, तोवर पगार ठरलेला असतो.

सांगणं फायद्याचं कधी?

तुमचा पगार बाजारभावाएवढा किंवा जास्त असेल तेव्हा बिनधास्त सांगा. पण पूर्ण सांगा. गोव्यातल्या हॉटेलात १५,००० हातात येतात, वर राहणं-जेवण आणि टिप्स. नुसते "पंधरा" म्हणालात तर स्वतःचंच नुकसान. खोलीभाडं आणि मेसचे पैसे धरून सांगा.

आणि मुंबईहून गावी परत येणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. तिथे ३५,००० होते म्हटलं की इथला मालक मनात म्हणतो, "हा काय टिकायचा नाही." तेव्हा आकड्याबरोबर कारणही सांगा: "तिथे भाडं आणि प्रवासात बरेच जायचे. इथे घर आहे, म्हणून मी इथला दर धरूनच आलोय."

उद्या तुम्ही मालक झालात की

पहिला माणूस ठेवताना हाच प्रश्न तुमच्या तोंडावर येईल. तो गिळा. मी दुकानात माणूस हवा असला की काम, वेळ, सुट्टी आणि पगाराची रेंज कागदावर लिहून लावतो. यात माझा फायदा आहे. ज्याला परवडत नाही तो येतच नाही, दोघांचा वेळ वाचतो. आणि स्वस्तात मिळालेल्या माणसाला बाजूच्या दुकानातला दर कळला की तो ऐन सीझनमध्ये, एप्रिल-मे मध्ये, सोडून जातो. तेव्हा वाचवलेले दोन हजार फार महाग पडतात. रेंज ठरवताना किमान वेतनाचा चालू दर मात्र आधी तपासा.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर तीन आकडे लिहा. तुमच्या कामाचा चालू दर, तुमची अपेक्षा, आणि ज्याच्या खाली तुम्ही हो म्हणणार नाही तो आकडा. मग वरची तीन उत्तरं घरच्या कुणासमोर तरी मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात नको. हाच कागद पुढे धंद्यातही कामाला येईल, कारण गिऱ्हाईकही विचारणारच: "आधीच्याला कितीत करून दिलंत?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, पहिलं कोटेशन कसं द्यायचं.