हिरवा पडदा आणि हिरवा चुडा

दूरदर्शनवर हवामान सांगणारी बाई तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागे मोठा नकाशा दिसतो. पण पुष्कळदा तिथे नकाशा नसतोच. नुसता हिरवा पडदा असतो. जिथे हिरवे दिसेल तिथे नकाशा घाल, असे यंत्राला सांगून ठेवलेले असते. आता हे काम साध्या फोनवरही होते. कापड मात्र पारखून घ्यावे लागते.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. माझी सून शिक्षिका आहे. तिच्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. तिला घाटंजीच्या घरातून मुलांना यवतमाळ जिल्ह्याचा भूगोल शिकवायचा होता. वर्धा नदी कुठून जाते, पैनगंगा कुठून, हे नकाशापुढे उभे राहून दाखवायचे होते. कापड आणायला मी गेलो. कापसाच्या मुलखात जन्म गेला, तेव्हा कापडातले मला कळते, असा माझा समज होता!

मी हिरवे साटीन आणले. दिसायला सुरेख. पण दिवा लावला की त्यावर पांढरे पट्टे उमटत. कॅमेऱ्याला ते हिरवे वाटेनात. नकाशाला तिथे भोके पडली. पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार हसला. म्हणाला, "गुरुजी, चमक कायले पायजे? मांजरपाट न्या, नाही तं पॉपलीन."

त्याचे खरे होते. सुती कापड चकाकत नाही. मात्र त्याचीही पारख आहे. कापड दारात उजेडासमोर धरा. पलीकडची बोटे दिसली तर ते विरळ आहे, दुहेरी करावे लागेल. नव्या कापडाला खळ असते, तिचीही थोडी चमक येते. म्हणून एकदा धुवून घ्या. धुतल्यावर सुती कापड आटते, तेव्हा चार बोटे जास्तच फाडून घ्या. पन्हा मोठा पाहा. दोन तुकडे जोडले की शिवणीची सावली पडते. दुहेरी पलंगाची एकरंगी चादर मिळाली तर जोड लागतच नाही. कापड ओलसर असताना इस्त्री करा आणि चिमट्यांनी चहूकडून ताणून बांधा. एक सुरकुती म्हणजे एक काळी रेघ. आणि पडद्यापासून चार-पाच हात पुढे उभे राहा. नाही तर तुमची सावली त्यावर पडते आणि त्याची हिरवी झाक तुमच्या गालावर येते.

रंग पोपटाच्या पंखासारखा भडक हवा. बाटलीसारखा गर्द नको, पिस्त्यासारखा फिकाही नको.

एवढे सगळे केले. सुनेने पैनगंगेवर बोट ठेवले, आणि काय सांगू, पंजा वेगळा, कोपर वेगळे! मधला हातच नाही. तिथून नकाशा दिसत होता. हातात हिरवा चुडा होता ना! यंत्राला चुडा काय नि पडदा काय.

मी म्हटलं, "बेटा, तासभर बांगड्या काढून ठेव."

ती हळूच म्हणाली, "मामाजी, चुडा नाही उतरवत मी. कापड बदला."

मला राग आला. दोनदा पैसे गेले होते. रात्री विचार केला, तेव्हा चूक माझीच वाटली. कापड घेण्याआधी पडद्यापुढे उभे राहणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे, हे मी पाहिलेच नव्हते.

हिरवाच रंग हवा, असा काही नियम नाही. १९४० साली 'थीफ ऑफ बगदाद' हा चित्रपट आला. आपल्याकडचा साबू त्यात होता. त्यातली जादू निळ्या पडद्यावर केली होती. पुढे हिरवा आला. माणसाच्या कातडीत हे दोन्ही रंग फारसे नसतात, म्हणून ते चालतात. फोनचा कॅमेरा बहुधा चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्यासाठी राखतो, तांबड्याला एक, निळ्याला एक. म्हणून हिरवा पडदा सोपा जातो. निळ्याला उजेड थोडा जास्त लागतो.

मग निळे पॉपलीन आणले. दिवे दोनाचे तीन केले. चुडा जसाच्या तसा दिसला, पैनगंगाही दिसली.

पुढे शाळा उघडल्या. निळ्या गणवेशातली मुले कवायत करून दाखवणार होती. सून म्हणाली, "मामाजी, ते हिरवं मांजरपाट कुठं ठेवलं?" मी ते गव्हाच्या कोठीवर अंथरले होते. धुवून, इस्त्री करून दिले.