उपनगरातील उद्यान आणि पक्ष्यांची गणती

नागरी स्थानिक संस्थांच्या अंदाजपत्रकात उद्यानांवरील खर्चाचा हिशेब सामान्यतः हिरवळीचे क्षेत्रफळ, पदपथाची लांबी, दिवे व बाकांची संख्या यांत मांडला जातो. उद्यानातील जीवसृष्टीला या हिशेबात रकाना नसतो. परिणामी, सुशोभीकरणाच्या नावाखाली झुडपे काढली गेली तर काय गमावले, हे कागदावर कोठेच उमटत नाही.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या द्वारका उपनगराचे उदाहरण घेऊ. पूर्वी पापनकलां या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागाची आखणी दिल्ली विकास प्राधिकरणाने केली. तेथील निवासी सेक्टरांत लहान-मोठी उद्याने आहेत. नोव्हेंबरच्या मध्यास सप्तपर्णीचा बहर ओसरू लागतो, सकाळी धुरके असते आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे स्थिरावलेले असतात. शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा मोकळ्या जमिनीवर उतरतो, पांढरा धोबी हिरवळीवर धावतो, माशीमार खालच्या फांदीवरून झेप घेऊन पुन्हा तेथेच बसतो. वटवट्यांच्या जाती ओळखणे मात्र अनुभवी निरीक्षकालाही जड जाते. नवख्याने नुसते 'वटवट्या' असे नोंदवावे, त्यात कमीपणा नाही.

हे पक्षी उद्यानाच्या वेगवेगळ्या थरांत चरतात, ही लक्षात घेण्याजोगी बाब होय. कातरलेल्या हिरवळीचा लाभ साळुंकी, हुदहुद, धोबी अशा मोजक्यांनाच होतो. शिंप्याला दाट झुडूप लागते, सातभाई व दयाळ पाचोळ्यात कीटक शोधतात, तांबटाला वाळलेली फांदी हवी असते, कारण तो तिच्यातच ढोली कोरतो. वाळकी फांदी छाटणे, पाचोळा झाडून काढणे व झुडपे उपटणे ही कामे 'देखभाल' म्हणून होतात आणि त्यांवर पैसा खर्च होतो. म्हणजे काही अंशी आपण नुकसानच विकत घेतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात पाने जाळण्यास मनाई केली. तेव्हा कोपऱ्यात पाचोळा कुजू देणे वाहतुकीच्या खर्चाच्या दृष्टीनेही किफायतशीर ठरते. धोकादायक फांदी अर्थातच काढावी लागेल. पण प्रत्येक वाळकी फांदी धोकादायक नसते.

गणतीची पद्धत सोपी आहे. ठरावीक मार्गाने किमान पंधरा मिनिटे फिरावे, ओळखू आलेल्या सर्व जातींची अंदाजे संख्येसह नोंद करावी. चिमणी-कावळा वगळू नयेत. संपूर्ण यादीचे महत्त्व असे की, तिच्यात नसलेली जात त्या फेरीत आढळली नाही, असे मानता येते. वेळ, कालावधी व हवामान लिहिणे अनिवार्य समजावे; अन्यथा दाट धुरक्यामुळे कमी दिसलेले पक्षी प्रत्यक्षात घटले असा चुकीचा निष्कर्ष निघेल. एका फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच उद्यानातील त्याच महिन्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात.

अशा हौशी नोंदींचे मोल कमी लेखू नये. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. ९४२ जातींचा आढावा घेऊन त्यात १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्याच्या ठरवण्यात आल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ घटल्याचे दिसते. वेतनावर गणक नेमून एवढी सामग्री जमवण्याचा खर्च कोणत्याही खात्याला पेलला असता का, याची शंकाच आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा आठवडा गणतीच्या वार्षिक फेरीस सोयीचा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. रहिवासी संघाने आपल्या उद्यानाची यादी या समितीकडे लेखी सादर करावी आणि सोबत एक साधा नकाशा जोडावा: कोणत्या झुडपात कोणता पक्षी दिसला, कोणत्या फांदीत ढोली आहे. उद्यानाच्या नूतनीकरणाची निविदा निघण्यापूर्वी तो नकाशा अभियंत्याच्या हाती पडलेला असावा.